उन्हाळ्यातली सेटिंग

कम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. बिघाड शोधायला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो लोकांचं ऐकून घेण्यात. "काही केलं नाही हो मॅडम, आपोआप झालं," हे मी प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये ऐकते, कोचिंग क्लासात ऐकते, आणि लकडगंजच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर, तर उठता-बसता ऐकते. आपोआप काही होत नसतं. पण मी आता वाद घालत नाही. बॅग खाली ठेवते, ओढणी कमरेला खोचते आणि टेबलाखाली शिरते. गुडघे कुरकुर करतात. त्यांना म्हणते, चला बाबांनो, अजून एक टेबल.

त्या दिवशी मात्र शेठजींनी फोनवर वेगळंच सांगितलं. लकडगंजात त्यांची लाकडाची मोठी टाल आहे, ओंडके कापायची आरा मशीन आहे, आणि फाटकाजवळ ट्रक तोलायचा धर्मकाटा आहे. तिथले कम्प्युटर बरीच वर्षं मीच पाहते.

"मॅडम, काट्यावरची मशीन तपासायची आहे, पण मशीनमध्ये काही निघणार नाही, मले माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त येऊन सांगून द्या, का मशीन चांगली आहे. मग मी माणसाचं पाहून घेतो."

मी म्हटलं, "शेठजी, माझं उत्तर आधीच ठरवून ठेवलं असेल तर मला या उन्हात कशाला बोलावता?"

"या जी तुम्ही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मे महिना तोंडावर आला होता. दुपारच्या वेळी नागपुरात गाडीच्या सीटवर बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी निघाले तेव्हाच मला कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर तो कंटाळा त्या दिवसाचा नव्हताच. काही वर्षांपासून तो माझ्याबरोबर गाडीवर मागे बसून फिरतो.

शेठजींचं म्हणणं असं होतं. काट्यावर ट्रक चढला की वजन कम्प्युटरवर येतं. काट्यावरचा माणूस गाडीचा नंबर टाकतो, बटण दाबतो, आणि ती नोंद अंगणापलीकडच्या ऑफिसच्या कम्प्युटरवर जाऊन बसते. होळीनंतर या नोंदी दुहेरी व्हायला लागल्या होत्या. एकच गाडी, तेच वजन, आणि ऑफिसात नोंदी दोन. म्हणजे कागदावर माल दुप्पट आला आणि टालीवर एकपट. शेठजींना यात एकच अर्थ दिसत होता. काट्यावरचा माणूस माल पाठवणाऱ्यांना सामील आहे आणि मुद्दाम एका गाडीच्या दोन गाड्या दाखवतो.

काट्यावरचा माणूस म्हणजे काका. सगळे त्यांना काकाच म्हणतात. साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून खिशात रुमालात बांधलेला कांदा. कम्प्युटर यायच्या आधीपासून ते या काट्यावर बसत होते. त्यांच्या वजनावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ट्रकवाले आपसांत भांडत, शेठजींशी भांडत, पण काकांनी सांगितलेला आकडा निमूट ऐकत. स्वतः काकाही कधी बढाई मारत नसत. फक्त कोणी म्हणालं, "काका, पुन्हा पाहता का?" तर चष्म्यावरून त्या माणसाकडे असं पाहत की तो दुसऱ्यांदा विचारत नसे.

शेठजींनी माझ्यासमोर सरळ सांगितलं. मशीन चांगली निघाली तर काकांना काढायचं, आणि का काढलं ते बाजारात लपवायचं नाही. लकडगंजात चोर म्हणून काढलेल्या माणसाला पुढे कोणी दारात उभं करत नाही. त्या वयात तर नाहीच. काका दारापाशीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. मला म्हणाले, "चला ताई, मशीन दाखवतो. तिथं चप्पल काढू नका, खाली पाणी आहे."

कसला आवाज नाही, कसली तक्रार नाही. मलाच राग आला. अरे, निदान एकदा ओरडा तरी, असं वाटलं.

पाण्याचं कारण कूलर. काट्याची केबिन म्हणजे वर टिन, तीन बाजूंनी काच. कूलर नसेल तर माणूस तिथे तासभर टिकायचा नाही. खिडकीत नेहमीचा तो पत्र्याचा कूलर लटकवलेला, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा ओला वास, आणि कूलरची वायर व नेटवर्कची केबल एकाच भोकातून आणून सुतळीनं गच्च बांधलेल्या. ते पाहिल्यावर मला वाटलं, सापडलं. विजेची वायर नेटवर्कच्या केबलला अशी चिकटून नेली की केबलमध्ये गडबड होऊ शकते. मी काकांना दोन शब्द सुनावले, सुतळी कापली, केबल वेगळी केली, वरून दुसऱ्या बाजूनं घेतली. या सगळ्यात माझी कंबर गेली. आणि दुहेरी नोंदी सुरूच राहिल्या.

मग मी करायला हवं होतं ते केलं. कम्प्युटरमध्ये केबल जिथे लागते त्या नेटवर्क कार्डाच्या माहितीचं पान उघडलं. ते कार्ड किती माहिती पाठवतं, किती वाया जाते, किती वेळा टक्कर होते, हे सगळं तिथे दिसतं. टकरींचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. हल्लीच्या काळात हा आकडा शून्य असायला हवा. ऑफिसात जाऊन दुसरं टोक पाहिलं आणि उलगडा झाला.

हे प्रकरण साधं आहे. केबलच्या दोन टोकांना दोन तऱ्हांनी बोलता येतं. एक तऱ्हा हाफ. पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखं, एक बोलत असताना दुसऱ्यानं गप्प बसायचं. दुसरी तऱ्हा फुल. फोनसारखं, दोघंही एकदम बोलले तरी चालतं. अट एवढीच की दोन्ही टोकांनी एकच तऱ्हा धरायची. इथे काट्यावरचं कार्ड हाफवर होतं. ऑफिसात होळीच्या सुमारास शेठजींच्या पुतण्यानं नवा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो डबा, बसवला होता आणि त्याची सगळी भोकं फुलवर कायमची बांधून टाकली होती.

"असं का केलं?" मी विचारलं.

"फुल म्हणजे फास्ट ना मॅडम," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

म्हणजे एक टोक बेधडक बोलत सुटलेलं आणि दुसरं, समोरून आवाज आला की टक्कर झाली समजून थांबणारं. नोंद पोचायची, पण पोचली हा निरोप मध्येच मरायचा. काकांच्या पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं, ते पुन्हा बटण दाबायचे, आणि ऑफिसात गाडी दुसऱ्यांदा उतरायची. मी काट्यावर जाऊन कार्ड फुलवर टाकलं. टकरी थांबल्या. दोन-तीन ट्रक माझ्यासमोर तोलले, नोंदी एकेकच गेल्या. मी शेठजींना म्हटलं, "माणसाचा दोष नाही. दोन टोकांचं जमत नव्हतं, आता जमलं." चहासुद्धा न पिता घरी आले आणि पंख्याखाली आडवी झाले. काका वाचले या समाधानात झोप छान लागली.

दोन दिवसांनी शेठजींचा फोन. "मॅडम, पुन्हा डबल होऊन राहिल्या नोंदी. आता तं मशीन तुम्हीच ठीक केली. म्हणजे माणूसच ना जी?"

माझ्या दुरुस्तीनं काकांना वाचवायच्या ऐवजी त्यांच्याविरुद्ध पुरावा तयार झाला होता. मशीन चांगली असल्याचं मीच तर सांगून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. कार्ड परत हाफवर. मी डोकं धरलं. कार्ड जुनं होतं, स्वतःच सेटिंग विसरत असेल असा संशय धरून बॅगेतलं नवं कार्ड काढलं, जुनं काढून ते बसवलं, फुलवर टाकलं, तपासलं. सगळं स्वच्छ. तरी माझा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. ऊन चढलं होतं, आता गाडीवर बसण्यात अर्थ नव्हता. मी काकांना म्हटलं, "मी आज इथेच बसते. पाहते काय होतं ते."

"बसा ना ताई. डबा आहे, दोघांले पुरते."

त्यांनी डबा उघडला. भाकर, बेसन, कच्चा कांदा. आम्ही जेवलो. बाहेर आरा मशीनचा आवाज जेवणाच्या सुट्टीपुरता थांबला होता आणि सागाच्या भुशाचा वास केबिनमध्ये भरला होता. मी विचारलं, "काका, शेठजी इतकं बोलतात, तुम्ही उलट काहीच कसं बोलत नाही?"

"काय बोलू? मी नाही केलं तं नाही केलं. आज ना उद्या त्यायलेही समजन."

एवढंच बोलून त्यांनी हात धुतले. ऊन आता काचेतून सरळ आत येत होतं. काकांनी बादलीनं कूलरमध्ये पाणी भरलं, ताट्यांवर दोन तांबे शिंपडले, कूलर सुरू केला. मग खुर्चीत बसले, चष्मा नाकावर घेतला, माउस धरला, आणि एकामागून एक खिडक्या उघडत सरळ नेटवर्क कार्डाच्या सेटिंगपर्यंत पोचले. मी दहा ठिकाणी शोधत जाते तिथे हा माणूस अंगणातून विहिरीवर जावं तसा सवयीनं गेला. तिथे त्यांनी फुलचं हाफ केलं, ओके दाबलं, आणि चष्मा काढून ठेवला.

मी खुर्ची पुढे ओढली.

"काका, हे काय केलं?"

"कूलर लावला ना ताई."

"हो, पण हे काय केलं? त्या कम्प्युटरमध्ये?"

"तेच तं. कूलर लावला का हे हाफ करायचं. कूलर निघाला, पावसाळा लागला, का मग परत फुल करायचं." मला काही कळलं नाही हे पाहून ते समजावू लागले. "तुमच्या आधी एक इंजिनियर येत होता. उन्हाळ्यात मशीन लटकायची, जागची हलेच ना. त्यानं करून दाखवलं, म्हणे काका, कूलर चालू असला का हे असं ठेवत जा. तवापासून लटकली नाही कधी. म्हणून मी रोज कूलर सुरू केला का पाहून घेतो, बरोबर आहे का नाही."

कूलरचा आणि या सेटिंगचा संबंध काय, ते तो इंजिनियरच जाणे. त्या वेळी ऑफिसात जुना डबा होता आणि त्या डब्याला दोन्ही तऱ्हा चालत असणार, आणि मशीनचं लटकणं दुसऱ्याच कशानं थांबलं असेल. पण काकांच्या डोक्यात तो कूलरच्या नावानं बसला. ताट्या बदलायच्या, पाणी भरायचं, हाफ करायचं. दरवर्षी होळी झाली की सुरू आणि पाऊस लागला की बंद.

"मग मागच्या वेळी मी फुल करून गेले, ते तुम्ही बदललंत?"

काका थोडे संकोचले. "तुम्ही गेल्यावर पाह्यलं तं बदललेलं दिसलं. मले वाटलं, तुमच्या हातून चुकून राह्यलं असन. शेठजीले सांगितलं असतं तं तुमचंच नाव खराब झालं असतं. म्हणून मीच करून टाकलं."

माझी चूक झाकायला म्हणून त्यांनी ती सेटिंग परत फिरवली होती. मला हसावं की रडावं कळेना. मी जेवणाच्या डब्याचं झाकण लावत बसले.

सांगायला तर हवंच होतं. न सांगता कार्डाला पासवर्ड लावून टाकावा, म्हणजे काकांचा हात तिथे पोचणार नाही, असं मनात आलंही. पण मग आधीच्या दुहेरी नोंदींचं काय? त्या तर काकांच्याच नावावर राहिल्या असत्या, चोरी म्हणून. मी काकांना घेऊन ऑफिसात गेले आणि शेठजींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुतण्यानं डब्याची भोकं बांधून ठेवली नसती तर काकांच्या हाफनं काहीही बिघडलं नसतं, हे मी दोनदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. पुतण्या मोबाइल पाहत होता. यात चोरी नाही, खोटी गाडी दाखवलेली नाही, कोणी सामील नाही, एका टोकाला एक सेटिंग आणि दुसऱ्याला दुसरी, बस.

शेठजी मनानं वाईट नाहीत. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "काय गा काका! मग सांगाचं ना पह्यलेच! उगाच डोक्याले ताप." त्यांनी चहा मागवला. काकांच्या पाठीवर हात ठेवला. "आता मॅडम पासवर्ड लावून देतेत, तुम्ही त्या कार्डाले हात नका लावू. काटा तुमचाच आहे."

मला वाटलं होतं, काका हसतील. निदान लांब श्वास तरी सोडतील. ते चहाचा ग्लास हातात धरून उभे होते. मग माझ्याकडे वळले.

"म्हणजे ताई, त्या डबल गाड्या... माझ्या हातानं झाल्या?"

"एकट्या तुमच्या नाही काका. त्या डब्याची सेटिंग—"

"डब्याचं राहू द्या. मी हाफ नसतं केलं तं झाल्या असत्या का?"

मी फार दमले होते. दमलेलं माणूस खोटं बोलायलासुद्धा आळस करतं. आणि ते ज्या नजरेनं विचारत होते त्या नजरेला मी काय थाप मारणार होते? मी म्हटलं, "नसत्या झाल्या."

त्यांनी मान हलवली. चहा टेबलावर ठेवला, तसाच भरलेला. मी काट्यावर जाऊन पासवर्ड लावला, नोंदी पुन्हा तपासल्या आणि घरी आले.

आठवडा गेला असेल. शेठजींचा पुन्हा फोन आला तेव्हा मी मनात म्हटलं, आता काय उरलंय. पण नोंदी ठीक होत्या. काका येत नव्हते. निरोप पाठवले तर तब्येत बरी नाही म्हणून सांगत होते. "मॅडम, तुमचं ऐकते ते," शेठजी म्हणाले. "मी तं चोर म्हटलं होतं, मी कोणत्या तोंडानं जाऊ? तुम्ही सांगा का काटा रिकामा पडला आहे."

हे काम माझं नव्हतं. तरी संध्याकाळी गेले. काकांचं घर नंदनवनला, दोन खोल्या, पुढे तुळस आणि जास्वंद. दार काकूंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "ये वं बाई, बस. तुझंच नाव घेऊन राहिले होते." काका आत पलंगावर बसले होते. तब्येतीला काही झालेलं दिसत नव्हतं. मी शेठजींचा निरोप सांगितला. काटा तुमचाच आहे, शेठजी वाट पाहतात, सगळं मिटलं आहे.

काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या. "मले समजतच नाही. चोर म्हणून राहिले होते तवा हे रोज डबा घेऊन जात होते. आता चोर नाही म्हणून राहिले तं घरी बसले. तूच विचार वं बाई यायले, काहून बसले."

मी काकांकडे पाहिलं.

"तवा मले माहीत होतं ताई, का मी काही केलं नाही. शेठजीनं काहीही म्हणो, मी काट्यावर बसलो का मन साफ." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि हातांकडे पाहत बोलू लागले. "आता डोळ्यासमोर गाडी काट्यावर चढते अन् मले वाटते, म्या काहीतरी करून ठेवलं असन, अन् मलेच माहीत नसन. असं वाटत असल्यावर वजन कसं सांगू मी माणसाले?"

मी म्हटलं, "काका, आमच्या सगळ्यांचं असंच तर असतं. मी रोज कुठे ना कुठे चुकते. आपल्याला माहीत नसलेल्या चुका कोण करत नाही?"

"तुमचं चालते ताई," ते म्हणाले. त्यात मला टोचून बोलण्याचा हेतू नव्हता. "काट्यावर नाही चालत."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि चहा करायला उठल्या. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, निघताना पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. काका दारापर्यंत सोडायला आले. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून मी शेठजींना फोन लावला आणि काका येणार नाहीत म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "तब्येत बरी नाही त्यांची."